‘असूडा’तली माती

‘शेतकऱ्याचा असूड’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला नसतो, ऐकलेला असतो. उपोद्घातातल्या विद्येवरच्या ओळी परदेशातल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत कोणी ना कोणी म्हणतेच. त्यापलीकडे भटशाहीवरचा हल्ला, गोऱ्या अंमलदारांच्या ऐषआरामावरचे फटकारे आणि शेतकऱ्याच्या घराचे ते अंगावर येणारे वर्णन, एवढा ‘असूड’ आपल्यापर्यंत पोचलेला असतो. तो मातीवरचे पुस्तक म्हणून वाचा, असे तुम्हाला कोणी सांगितले आहे का? जातीवरची टीका बाजूला ठेवा असे मला म्हणायचे नाही. ती बाजूला ठेवली तर पुस्तक उरतच नाही. पण त्या टीकेच्या आत जमीन कशी बनते आणि कशी मरते याचा एक सलग विचार आहे. मराठीत त्याआधी कोणी तो इतक्या स्पष्टपणे मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. आज युरोपात ‘निरोगी माती’ या नावाने जे चालले आहे, त्याच्या शेजारी ठेवून तो वाचला की काही गोष्टी जास्त नीट दिसतात.

फुल्यांनी हे पुस्तक १८८३च्या जुलैत पुरे केले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने पहिले दोन भाग छापले आणि पुढचे थांबवले. म्हणजे ज्या शेवटच्या भागात उपाय सांगितले आहेत, तो त्या काळच्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत गेलाच नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पुस्तकाचा काही भाग वाचून दाखवला गेला होता, पण पूर्ण पुस्तक छापलेले पाहणे फुल्यांच्या नशिबी नव्हते.

आता मातीकडे येऊ. फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शेताची सुपीकता शेतात तयार होत नाही, ती वरून येते. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, फुले, जनावरांचे मलमूत्र, मेलेले जीवजंतू हे सगळे कुजते, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि शेतात गाळ होऊन बसते. खालचा शेतकरी वरच्या डोंगराच्या जिवावर पिकवतो. मग जंगलखाते आले, १८७८चा जंगल कायदा आला. गायराने आणि डोंगरउतार सरकारच्या ताब्यात गेले, गुराढोरांना चरायला जागा राहिली नाही, गुरे घटली, शेण घटले. तिकडे खाणारी तोंडे वाढली आणि सारा रोख भरायचा, म्हणून जमीन पडीक ठेवून तिला विसावा देण्याची सोय संपली. जमीन थकली. लागवडीची रीत चुकली म्हणून ती थकली असे नव्हे. तिला मिळणारे बंद झाले आणि तिच्याकडून घेणे मात्र चालूच राहिले.

यातली विचार करण्याची पद्धत बघा. फुले पुण्याजवळ मांजरीला शेती करत होते, ठेकेदार म्हणून दगड-चुन्याच्या कामांवर उभे राहिले होते. पाणी कुठून येते, कुठे अडते, कुठे वाया जाते हे त्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या लिहिण्यात माती ही वस्तू म्हणून येत नाही, वाट म्हणून येते. वरून खाली उतरणारी ती वाट कुठे तुटली, हे ते बोट ठेवून दाखवतात. आणि प्रत्येक वेळी ते बोट कोणत्या तरी कचेरीवर पडते. त्यांची लांबच लांब, श्वास न घेणारी वाक्ये अनेकांना बोजड वाटतात. मला वाटते, या मजकुराला ती शोभतात. पाला, शेण, सारा, जंगलखात्याचा शिपाई, कुलकर्णी हे सगळे एकाच वाक्यात कोंबले जाते, कारण शेतकऱ्याच्या दिवसातही ते वेगवेगळे येत नाहीत.

याला पुढच्या दहा वर्षांत एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती सुधारायची कशी हे बघायला आले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. आला होता शिकवायला. लिहिले असे की इथला कुणबी अडाणी नाही, त्याच्याकडे खत नाही. शेण चुलीत जाते, कारण जळणाला लाकूड मिळत नाही. म्हणून गावाजवळ जळण आणि चाऱ्यासाठी राने राखा. जंगलाचा प्रश्न सोडवल्याशिवाय खताचा प्रश्न सुटत नाही, हा फुल्यांचाच धागा. एकाच्या हाती आसूड होता, दुसऱ्याच्या हाती सरकारी नेमणूक, एवढाच फरक. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा आणि शेणाच्या खताची पद्धत बसवली. तीच ‘इंदूर पद्धत’ म्हणून विलायतेला गेली आणि तिथल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक पाया झाली. युरोपातल्या आजच्या मातीप्रेमाची एक मुळी होळकरांच्या राज्यातल्या उकिरड्यात आहे, हे तिकडच्या वाचकांनी जरूर मिरवावे.

त्या युरोपात आता काय चालले आहे? युरोपीय संघाचाच अंदाज असा की तिथली ६० ते ७० टक्के माती आजारी आहे. उपाय म्हणून २०३० पर्यंत १०० ठिकाणी शेतकरी आणि संशोधक एकत्र काम करतील अशा प्रयोगशाळा आणि नमुना-शेते उभारायची मोहीम आहे. आच्छादन पिके, कमीत कमी नांगरट, उपग्रहावरून ओलावा मोजणे, असे बरेच काही. २०२५ मध्ये मातीच्या देखरेखीचा कायदाही झाला आणि २०५० पर्यंत सगळी माती निरोगी करायचे ध्येय ठरले. मी स्वतः संशोधनावर जगणारा माणूस आहे, मोजमापाला नाक मुरडणार नाही. ‘असूडा’त मातीबद्दल एकही आकडा नाही आणि ही त्याची उणीवच आहे. पण या कायद्याची घडण बघा: मोजायची जबाबदारी सदस्य देशांवर, आणि जमिनीच्या मालकावर माती सुधारण्याचे बंधन मात्र नाही. रोग्याची नाडी पाहायची, औषधाचा आग्रह धरायचा नाही. शेतकऱ्यावर आणखी एक ओझे नको, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. २०२४ मध्ये ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आलेले शेतकरी सगळ्यांच्या लक्षात होते. तरीही माती आजारी कोणी केली, तिच्यातून काढलेले कोणाच्या ताटात आणि कोणाच्या खात्यात गेले, हा ‘असूडा’तला पहिला प्रश्न त्या सगळ्या नावीन्यात फार मागे राहतो.

मी हे बहारीनमधल्या बुसैतीनमधून लिहितो आहे. बुसैतीन हे ‘बुस्तान’चे लघुरूप, म्हणजे लहानशी बाग. आज इथे पुष्कळशी जमीन समुद्रात भराव घालून केलेली आहे, आणि कुंडीत मेथी पेरायची तर मातीची पिशवी विकत आणावी लागते. हे बेट मात्र एके काळी गोड्या झऱ्यांचे आणि खजुराच्या बागांचे होते. जमिनीतले पाणी उपसत गेले, समुद्राचे खारे पाणी आत शिरले, अधारीसारखा नावाजलेला झरा आटला. आता बागांना सांडपाणी शुद्ध करून द्यावे लागते. यात खजूर लावणाऱ्याचे कोणते तंत्र चुकले? त्याच्या बागेची खराबी बागेच्या कुंपणाबाहेर झाली. फुल्यांचे जुन्या वळणाचे मराठी मला इथे आल्यावर जास्त कळू लागले ते यामुळे.

आता उपायांचा भाग. फुले सांगतात: मोकळ्या वेळात लष्कर आणि पोलीस लावून ताली-बंधारे असे घाला की पाऊस शेताशेतात मुरून मग ओढ्याला मिळेल. नद्या-तलावांतला गाळ पूर्वीसारखा गावकऱ्यांना नेऊ द्या. गायराने परत करा. शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातल्या शेतकीच्या शाळा बघायला पाठवा. (तुमच्यापैकी वाखेनिंगेनला शिकून आलेल्यांनी हे वाक्य आपल्या दारावर लावायला हरकत नाही.) पाणलोट हा शब्द सरकारी कागदांत रुळण्याच्या कितीतरी आधीचे हे पाणलोटाचे काम आहे. बंधारे पुढे झालेही, पण ते शिपायांनी नव्हे, १९७२च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी घातले.

उपायांत कच्चेपणाही आहे. शेरडामेंढरांच्या सुधारित जाती परदेशातून आणण्याची सूचना मला वरवरची वाटते. चरायला रान नसताना मेंढरू विलायती असले काय नि देशी असले काय. सरकारवरचा भरवसाही बुचकळ्यात टाकतो. ज्याच्यावर आसूड ओढायचा, त्याच्याकडेच शेवटी दानाची अपेक्षा. त्या काळात दुसरे दार नव्हते, हे खरे आहे. पण सर्वांत मोठी फट गाळापाशी आहे. ‘गावकऱ्यांना गाळ नेऊ द्या’ म्हणताना गाव एकसंध धरले गेले आहे. जातीच्या बाबतीत ज्या नजरेतून गावातली एकही उतरंड सुटत नाही, ती नजर गाळाच्या ढिगाऱ्यापाशी जरा सैल पडते.

त्याचे काय होते, हे पाहायला आता महाराष्ट्रच आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ची योजना म्हणजे फुल्यांची मागणी शासन निर्णयाच्या भाषेत. कल्पना चांगलीच आहे: तलावाची साठवण वाढते, मुरमाड रानावर गाळ पडला की ओल टिकते. पण सुरुवातीला गाळ फुकट आणि वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चाने होती. म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर त्याचा गाळ. योजना २०२३ मध्ये नव्याने आली तेव्हा अल्पभूधारक, विधवा आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना वाहतुकीसाठी अडीच एकरांपर्यंत, जास्तीत जास्त ३७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. सुधारणा झाली, यात शंका नाही. ती मोजली जाते मात्र किती घनमीटर गाळ निघाला यावर. आणि ज्याला एक गुंठाही नाही, त्याचे नाव या हिशेबात कुठेच येत नाही. पूर्वी तलाव उपसताना निदान त्याला मजुरी मिळे. आता तिथे पोकलेन येते.