आरोग्यनोंदींचे प्रोत्साहन : मोजमापाची एक चिकित्सा

वैद्याने रुग्णाची नोंद ठेवावी हा विचार जुना आहे; त्या नोंदीसाठी शासनाने द्रव्य द्यावे हा विचार मात्र आपल्याकडे अगदी अलीकडचा आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या ‘डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजने’त त्याने निश्चित रूप धारण केले. योजनेचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत संभवत नाही. तथापि हेतू आणि मोजमाप या भिन्न गोष्टी आहेत, आणि सरकारी द्रव्य जाते ते मोजमापाच्या मागे. म्हणून या योजनेने नेमके काय मोजले, हे तपासणे अगत्याचे ठरते.

योजनेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. आयुष्मान भारत डिजिटल अभियानाचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरिता १,६०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. प्रत्येक नागरिकास ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक मिळावा, त्याच्या नोंदी जेथे निर्माण झाल्या तेथेच राहाव्यात, आणि त्याची संमती मिळताच दुसऱ्या संस्थेस त्या पाहता याव्यात, अशी ही रचना आहे. या रचनेत माहिती पुरविणारी संस्था आणि माहिती वापरणारी संस्था अशा दोन भूमिका स्पष्टपणे वेगळ्या मानल्या आहेत. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

या भेदाचा व्यवहारातील अर्थ कळण्यासाठी खडवलीचे उदाहरण घेता येईल. कल्याण–कसारा लोहमार्गावर टिटवाळा व वासिंद यांच्या मध्ये, भातसा नदीच्या काठी हे गाव आहे. येथील रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात जातो. दुखणे वाढले तर तो गाडीने कल्याणला महापालिकेच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात जातो. तेथून त्यास ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, नाही तर थेट मुंबईस पाठविले जाण्याचा संभव असतो. खाजगी डॉक्टर, राज्य शासन आणि निरनिराळ्या महापालिका इतक्यांच्या दारांतून एकच आजार फिरतो. या सर्वांना जोडणारे दप्तर एकच, आणि ते म्हणजे रुग्णाच्या हातातील प्लास्टिकची पिशवी. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे हे सारे तीतच असते. पिशवी घरी राहिली वा पावसात भिजली, की पुढील डॉक्टरास रुग्णाच्या स्मरणावर विसंबावे लागते. मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले होते, हे त्या घटकेस कोणी सांगू शकला नाही, तर होणारी हानी प्रत्यक्ष शरीराची असते.

येथे एक अर्थशास्त्रीय विषमता दिसून येते. नोंद लिहिण्याचे श्रम खडवलीच्या डॉक्टराचे. तिचा लाभ मात्र कल्याणच्या वा कळव्याच्या डॉक्टरास आणि अंतिमतः रुग्णास. ज्याचा वेळ खर्च होतो त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. कायद्याचा दंडकही त्याला पुरेसा लागू पडत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी होताच ७२ तासांत त्या देण्याचे बंधन घातले. परंतु खडवलीसारख्या ठिकाणचे बहुसंख्य उपचार बाह्यरुग्णांचे असतात. अशा परिस्थितीत शासनाने त्या श्रमाचा मोबदला द्यावा, हे तत्त्व सर्वथा योग्य आहे. आक्षेप तत्त्वावर नसून त्याच्या मोजपट्टीवर आहे.

योजनेने मोजली ती ‘आभा’ क्रमांकाशी जोडलेल्या नोंदींची संख्या. ठरावीक किमान संख्येच्या पुढे प्रत्येक नोंदीमागे ठरावीक रक्कम, आणि एका संस्थेस अथवा कंपनीस कमाल चार कोटी रुपये, असे तिचे मूळ स्वरूप होते. पात्र ठरली ती दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये, निदानकेंद्रे आणि संगणक-प्रणाली पुरविणाऱ्या कंपन्या. एका खोलीत, एकही खाट नसताना, गर्दीच्या वेळी रुग्ण तपासणारा डॉक्टर या मूळ यादीबाहेर राहिला. अशा लहान संस्थांसाठी २०२३ मध्येच शंभर ‘मायक्रोसाइट’चा स्वतंत्र उपक्रम योजावा लागला, यावरून ही उणीव प्राधिकरणाच्याही ध्यानात आली होती असे दिसते.

तथापि दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. मोबदला माहिती पुरविणाऱ्या भूमिकेस मिळाला. माहिती वापरण्याची भूमिका हिशेबाबाहेर राहिली. नोंद जोडली गेली की रक्कम देय झाली. ती पुढे कोणी उघडली काय, वाचली काय, तिच्यामुळे एखादी तपासणी पुन्हा करणे टळले काय, हे प्रश्न मोजपट्टीत नव्हतेच. परिणामी ज्या मोठ्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट आधीपासूनच संगणकावर होते, तिला अल्प श्रमात मोठी संख्या साधता येते. ज्याने जुन्या रुग्णाचा इतिहास चार ओळींत काळजीपूर्वक लिहिला, त्याची नोंद त्या संख्येत एकच भरते.

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील २००९ च्या कायद्यान्वये संगणकीय नोंदी अर्थपूर्ण रीतीने वापरणाऱ्या डॉक्टरास मेडिकेअर योजनेतून पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती, आणि २०१५ पासून न वापरणाऱ्याच्या देयकात कपात होऊ लागली. नोंदींचा प्रसार झपाट्याने झाला. देवघेव मात्र त्या वेगाने झाली नाही. प्रतिस्पर्धी रुग्णालये आणि प्रणाली विकणाऱ्या कंपन्या यांना माहिती अडवून ठेवण्यातच हित दिसू लागले. अखेर २०१६ मध्ये असे अडवणे निषिद्ध ठरविणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, रुग्णांसाठी दिलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी व कार्यालयीन कामात जातात, असे आढळले. पैशाने लेखन विकत मिळते, वाचन आपोआप मिळत नाही, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, लिहिल्यावाचून वाचणार काय? आरंभी संख्या वाढविणेच इष्ट नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु ते केवळ पहिल्या पायरीपुरते. एकदा रुळलेली मोजपट्टी बदलणे कठीण असते, कारण तिच्यावर व्यवसाय उभे राहतात. वाचनाचे मोजमाप अशक्य आहे असेही नाही. संमतीची प्रत्येक मागणी याच यंत्रणेतून जाते. तिचा माग राहू शकतो. खडवलीत लिहिलेली नोंद रुग्णाच्या संमतीने कळव्यात उघडली गेली, तर तिच्या लेखकास अधिक मोबदला देता येईल. त्यातही खोट्या मागण्यांचा धोका आहे, आणि जेथे घरात एकच मोबाइल आहे तेथे सांकेतिक अंक त्याच्या धारकाकडे जाऊन स्त्रीची संमती दुसऱ्याच्या हाती पडण्याचाही संभव आहे. म्हणून संमती रुग्णाच्या समक्ष घेतली जाणे आणि नोंदींची नमुना-तपासणी होणे या दोन अटी त्यासोबत आवश्यक ठरतात.

सारांश, प्रोत्साहन-योजनेचे यश जोडलेल्या नोंदींच्या आकड्यावरून ठरविणे सयुक्तिक होणार नाही. कसारा गाडीतून उतरणाऱ्या रुग्णास ती पिशवी घरी विसरूनही योग्य उपचार मिळू लागले काय, हीच तिची खरी कसोटी मानली पाहिजे. ती कसोटी मोजपट्टीत येईपर्यंत तो रुग्ण आपली पिशवी जपून ठेवील, आणि त्यात तो शहाणपणच करील.