हत्तीच्या पाठीवर एक पोते

गणित हा विषय आपल्याकडे पूर्वी पाठीवरून शिकवीत. पाढे तोंडात आणि छडी पाठीवर. आता तो गोष्टीच्या पुस्तकांतून शिकवावा, असे जाणकार म्हणतात. अमेरिकेत व्हिटिन आणि वाइल्ड या जोडीने १९९२ साली याच विषयावर शिक्षकांसाठी एक अख्खे पुस्तक लिहिले. कल्पना गोड आहे. पण कडू गोळी साखरेत घोळताना एक धोका असतो. पोराला गोळी नको असतेच, पुढे त्याला साखरेचाही संशय येऊ लागतो.

एरिक कार्ल यांचा १९६९ सालचा तो खादाड सुरवंट घ्या. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असे करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, सॉसेज धरून दहा जिन्नस, आणि रात्री पोटदुखी! पुस्तक झकासच. पण ते मिटायच्या आत बाई विचारतात, "सांगा बरं, शुक्रवारपर्यंत फळं किती झाली?" उत्तर १५. पोराला मात्र सुरवंटाच्या पोटाची काळजी लागलेली. आता गंमत पाहा, त्याने १५ ऐवजी १४ फळे खाल्ली असती तरी त्याचे फुलपाखरू व्हायचे काही राहिले नसते. इथले आकडे म्हणजे वरातीतले बँडवाले. आले तर शोभा, नाही आले तरी लग्न लागतेच.

याउलट पॅट हचिन्सबाईंचे १९८६ चे 'द डोअरबेल रँग'. बिस्किटे १२, खाणारे दोघे. वाट्याला सहा-सहा. तेवढ्यात बेल वाजते, आणखी दोघे येतात, तीन-तीन. पुन्हा बेल, दोन-दोन. मग एकदम सहाजण, एकेक! आणि पुन्हा बेल! इथे भागाकार हीच गोष्ट आहे. शिल्लक तेवढीच आणि खातेदार वाढताहेत, यातला घाम आम्हा बँकवाल्यांना वेगळा समजवावा लागत नाही. शेवटी आजी बिस्किटांचा भलामोठा ट्रे घेऊन येते, हेड ऑफिसने रोकड धाडावी तशी. फक्त हेड ऑफिस इतके वेळेवर येत नाही.

तिसरे पुस्तक डेमी यांचे, १९९७ चे 'वन ग्रेन ऑफ राइस'. गोष्ट हिंदुस्थानातली. राजा दुष्काळातही तांदूळ कोठारात दाबून बसलेला. राणी नावाची खेड्यातली मुलगी बक्षीस मागते. आज एक दाणा, उद्या दोन, परवा चार, असे ३० दिवस. राजा कबूल होतो. (चक्रवाढ न कळणारे गिऱ्हाईक आम्हाला रोज भेटते, पण त्याच्याकडे कोठारे नसतात.) तिसाव्या दिवशी ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९१२ दाणे निघतात, आणि तेही २५६ हत्तींवरून! पोरे 'आ' वासतात.

पण कारकुनाचा हात राहतो थोडाच? किलोभर तांदळात ४० ते ५० हजार दाणे भरतात. ४० हजार धरले तरी त्या दिवसाचा माल साडेतेरा टनांच्या आतच. भागा २५६ ने. दर हत्तीमागे बावन्न किलो! म्हणजे एक पोते! अहो, एवढे तर मार्केट यार्डातला हमाल तोंडातली विडी न काढता नेतो.

आणि हाच त्या पुस्तकाचा मोठेपणा, की त्याचे ऑडिट करता येते. वर्गात तराजू आणा, दहा ग्रॅम तांदूळ तोलून दाणे मोजू द्या, मग पोरांना हत्तींची झडती घेऊ द्या. प्रश्न पोरांनी पुस्तकाला विचारायचा, बाईंनी पोरांना नव्हे.

तेव्हा पुस्तक निवडताना आमची एकच कसोटी. आकडे पुसून बघा, गोष्ट उभी राहते का? राहिली, तर ती नुसती वाचा, हसा आणि सोडून द्या. कोसळली, तर खुशाल खडू उचला. नाहीतर पोराच्या दोन्ही खात्यांत खडखडाट व्हायचा, गणिताच्या आणि वाचनाच्याही. आणि लहानपणी बंद पडलेले खाते मोठेपणी पुन्हा उघडायला फार थोडे लोक येतात. काउंटरमागे बसून आम्ही एवढे तरी पाहिले आहे.