बाग कितव्या मजल्यावर?

गिरगावातल्या आमच्या चाळीला बाग नव्हती. कठड्यावर डालड्याच्या डब्यांत तुळस, गवती चहा, सदाफुली. आणि खाली चौकात नळाजवळ एक उंबर. तो कोणी लावलेला नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. पुनर्विकासानंतर तिथे गेलो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाग आहे रे, सहाव्या मजल्यावर. पण ती पलीकडच्या टॉवरची. आपल्याला खिडकीतून दिसते." काकूंचे हे 'दिसते' माझ्या मनातून गेले नाही. दाट वस्तीतली बाग बघण्यासाठी असते की वावरण्यासाठी?

मुंबईने याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिले होते. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टच्या पाडापाडीत गरिबांचे निवारे गेले, हे विसरता येणार नाही. पण त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत झाडे आणि मोकळ्या जागा इमारतींबरोबरच आराखड्यात आल्या. मंचेरजी जोशी यांचे नाव लाभलेली 'फाइव्ह गार्डन्स' ही त्याच परिसराची देणगी. भोवतालच्या बैठ्या, दोन-तीन मजली इमारतींतल्या कुटुंबांना स्वतःची बाग नसली तरी घराबाहेर पडले की बाग होती. ती जमिनीवर होती आणि पुढच्या गल्लीतल्या माणसालाही खुली होती.

दुसरे उत्तर चार्ल्स कोरिया यांचे. कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' (१९८३) म्हणजे २८ मजले, ३२ घरे आणि कोपऱ्यांत दुप्पट उंचीच्या बाग-गच्च्या. पश्चिमेला समुद्र आणि वारा, पण कडक ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याने यावर काढलेली तोड कोरियांनी उंचावर नेली. हवामानाचे इतके नेमके वाचन आपल्या उंच इमारतींत क्वचित आढळते. तरीही आक्षेप उरतोच. इथे बाग घराचा भाग झाली, वस्तीचा नाही. तिथे शेजारी भेटत नाहीत, मुले जमत नाहीत. कोरियांना हे कळत नव्हते असे नाही. बेलापूरच्या वसाहतीत त्यांनी सात-सात घरे एकेका सामाईक चौकाभोवती बसवली आणि उंच न जाता हेक्टरी सुमारे ५०० माणसांची सोय केली. नंतरच्या बिल्डरांनी 'कांचनजंगा'चे चित्र उचलले. बेलापूरचा विचार तिथेच राहिला.

तिसरे उत्तर आजचे आहे, पोडियमचे. खाली काही मजले मोटारी आणि त्यांच्या छतावर हिरवळ. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड-दोन टन भरते. तो भार स्लॅबवर नको म्हणून मातीचा थर पातळ ठेवतात. त्यात लॉन येते, शोभेची झुडपे येतात. आंबा-वड येत नाहीत. पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी पाइपातून गटारात जाते. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले की, नियमाने ठरलेली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिची जागा घेऊ शकत नाही. २०१८ पासूनच्या विकास नियमावलीने मात्र त्यातला काही वाटा पोडियमवर मोजायला पुन्हा वाट करून दिली.

'एवढ्या गर्दीत जमीन आणायची कुठून?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो प्रामाणिक असेल तर मोटारींनाही विचारला पाहिजे. त्यांच्यासाठी जमीन सापडते, झाडांच्या वाट्याला स्लॅब येतो.

म्हणून पुनर्विकासाचा आराखडा समोर आला की हिरव्या रंगाची टक्केवारी बघून समाधान मानू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. झाडाची मुळे खरोखर जमिनीत जाणार आहेत का? बागेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार? आणि पुनर्वसनाच्या इमारतीतल्या माणसाला तिथे बसता येईल का? हे सह्या करण्याआधी विचारायचे असते. आमच्या चाळीत ते कोणी विचारले नाही, मीही नाही. उंबर तोडला त्या दिवशी आम्ही नव्या घराच्या चौरस फुटांचा हिशेब करत होतो.