घरात बसून पाहायची भुते

चित्रपटगृहातले भय आणि घरातले भय ही दोन निराळी भये आहेत, ही गोष्ट आपल्याकडे भयपटांविषयी लिहिणारे फारशी मनावर घेत नाहीत. थिएटरात आपण तिकीट काढून भ्यायला जातो. शेजारी दोन-तीनशे अनोळखी माणसे आपल्याबरोबर भीत असतात. खेळ सुटला की बाहेर दिव्यांचा लखलखाट आणि भेळेची गाडी असते, आणि भूत आतच राहते. घरी तसे नाही. 'सायको' (१९६०) लागला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा दंडक हिचकॉकने थिएटरवाल्यांना घातला होता. आपल्या घरात हा दंडक पाळणार कोण? ऐन न्हाणीघराच्या प्रसंगाला कोणी तरी चहा टाकू का म्हणून विचारते, कोणी चित्र थांबवून गच्चीवरचे वाळवण उचलायला जाते. जो चित्रपट अंधार, शांतता आणि आदळआपट करणारे संगीत यांच्या जोरावरच उभा असतो, तो अशा घरात पहिल्या दहा मिनिटांत कोसळतो.

पण घराजवळ एक गोष्ट आहे, जी थिएटरजवळ नाही. चित्र संपते, पडदा काळा होतो आणि घर तेच राहते. तीच ओसरी, तीच माणसे, तीच त्यांची आपसांतली न बोललेली बोलणी. तेव्हा घरासाठी भयपट निवडताना 'सगळ्यांत भीतिदायक कोणता?' असे विचारणे व्यर्थ आहे. या घरात ज्या भुताला राहायला जागा आहे, ते कोणत्या चित्रपटात सापडेल, हे पाहावे.

दिवाळीच्या सुटीत मुले, सुना, भाचवंडे एकत्र जमली की हल्ली एक रात्र भुतांच्या चित्रपटांची काढतात. सणासुदीला हे कसले अभद्र, म्हणून वडीलधारी नाक मुरडतात. त्यांना एवढेच सांगावे की, इंग्लंडात ऐन नाताळात भुताच्या गोष्टी सांगण्याची जुनी रीत आहे आणि डिकन्सची 'ख्रिसमस कॅरोल' (१८४३) ही त्याच जातीची आहे. आपल्याकडे अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने गूढकथेला मानाचे पान दिले. शिवाय लक्ष्मीपूजन होते तेच मुळी अमावास्येला.

पोराबाळांसाठी महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) अजून पुरेसा आहे. कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललेली असली, तरी रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्ड्यांची भंबेरी खास आपली आहे. रात्री कोणी दचकलेच तर 'भीमरूपी' म्हणायला सांगावे. ते स्तोत्र रचणारे रामदास आमच्याच जालना जिल्ह्यातल्या जांबेचे. मात्र या चित्रपटातच मराठी पडद्याची एक खोडही दिसते. भूत आले की आम्हाला त्याचे हसू करावेसे वाटते. द. मा. मिरासदारांच्या 'भुताचा जन्म'मध्ये हसणे हेच शहाणपण आहे, कारण तिथे अफवेतून भूत कसे तयार होते हे दाखवायचे आहे. 'पछाडलेला'सारख्या (२००४) चित्रपटांत ते हसणे नुसती सवय म्हणून उरते. मुले झोपल्यावर हसण्याचे काम संपले असे धरावे.

आमची दुसरी खोड कोकणाची. मराठी भूत म्हटले की माडाची झावळी हललीच पाहिजे. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) ही मालिका कोकणातली, 'मुंज्या' (२०२४) कोकणातला, 'तुंबाड' (२०१८) कोकणातला. जालन्याकडच्या माणसाला या भुतांची भीती वाटते, पण ती परगावच्या पाहुण्याची असते तशी. मुक्काम हलला की गेली. आमच्याकडे पावसाचीच मारामार, तिथे ते धुके आणायचे कोठून?

तरीही 'तुंबाड' त्या रात्री लावावाच, आणि लक्ष्मीपूजनालाच लावावा. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे बीज नारायण धारपांच्या कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेले आहे. प्रमाणपत्र प्रौढांसाठीचे आहे. तेव्हा पोरांना आधी झोपवणे ओघाने आलेच. त्यातला हस्तर हा समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा. सोने मिळाले, पण धान्याला जन्माचा मुकला. एवढ्या एका कल्पनेत जितका विचार आहे, तितका रामसे बंधूंच्या डझनभर वाड्यांत मिळून नाही. पण मला भय वाटते ते हस्तराचे नव्हे. विनायक आपल्या कोवळ्या पांडुरंगला त्या गर्भात उतरण्याची तालीम देतो, तिथे काटा येतो. बाप मुलाला धंदा शिकवतो आहे, आणि धंदा आहे हावरेपणाचा. लहानपणी 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' म्हणून ज्याला निजवले, तो मोठेपणी बागुलबुव्याच्याच खिशात हात घालायला निघतो. समोर लक्ष्मीची पूजा मांडलेली असताना हे पाहणे घराला थोडे अवघड जावे. एक तक्रार मात्र राहते: वाडा मराठी, नावे मराठी, पागोटी मराठी, आणि माणसे हिंदी बोलतात. ज्या भाषेत आजी नातवाला भीती घालते ती भाषाच काढून घेतली, तर भयाची चार आणे किंमत कमी होतेच.

इथे कोणी विचारील की, शाळामास्तराने भुतांची शिफारस करावी काय? महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला; नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी जन्म वेचला आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. शंका रास्त आहे. जे चित्रपट भूत काढायला मांत्रिकच हवा असे शिकवतात, ते मी वर्गातच काय, घरातही लावणार नाही. परंतु काही चित्रपट भुताच्या निमित्ताने माणसाची झडती घेतात. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा 'गहराई' (१९८०) तसा आहे. लेखनात विजय तेंडुलकरांचा हात आहे. बंगळुरूचा एक प्रतिष्ठित गृहस्थ, भूमिका श्रीराम लागूंची, गावाकडची जमीन कारखान्यासाठी विकतो. आणि त्याच्या अल्लड मुलीच्या, पद्मिनी कोल्हापुरेच्या, तोंडून त्याचे जुने पाप बाहेर पडू लागते. आमच्या खेड्यांत अंगात येणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले मर्म सांगावे लागत नाही. जी सून एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ती अंगात आले की भर अंगणात त्याला नाव घेऊन जाब विचारते, आणि सारे हात जोडून ऐकतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मुकी. बोलायला दुसरी जागा नसली की माणूस भुताची जागा घेतो.

हे ध्यानात ठेवून विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'कडे (२०१७) वळावे. माझ्या मते मराठवाड्यातल्या घराने पाहावा असा एक भयपट निवडायचा, तर तो हाच. कर्जात बुडालेला नवरा आपल्या दिवस भरत आलेल्या बायकोला घेऊन उसाच्या रानातल्या एका एकाकी घरात लपायला येतो. घरात तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. ती पूजा सावंतच्या नेहाला मायेने खाऊ घालते, तिच्याकडे निरखून पाहते. आणि उसात लहान पोरे लपाछपी खेळत असतात. कोण पोरे, ते हळूहळू कळते. या घरात मुलींना जगू दिलेले नाही.

पैठणच्या डाव्या कालव्याखाली अंबड-घनसावंगीकडे उसाचे फड उभे असतात. भर दुपारी त्यात दहा पावले आत गेले की बाहेरचे जग ऐकू येईनासे होते, आणि पाने अंगाला कापतात. दिग्दर्शकाने नेमके हे ओळखले. त्याने धुके मागवले नाही, वाडा बांधला नाही. ऊन ठेवले आणि ऊस ठेवला. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. उरलेल्या मुली कोणत्या उसात लपल्या, हा प्रश्न ज्या प्रदेशाला विचारता येतो, तिथे हे चित्र करमणूक म्हणून पाहता येत नाही.

दोष आहेत. उत्तरार्धात भूतकाळ इतका उलगडून दाखवला आहे की, जे प्रेक्षकाने मनात जुळवले असते तेही त्याच्या हातात कोंबले जाते. संगीत वेळी-अवेळी दचकवायला धावते. नुसत्या पानांच्या सळसळीने ते काम अधिक झाले असते. पण उषा नाईकांची तुळसाबाई या साऱ्यावर मात करते. ती राक्षसीण नाही. जी रीत तिच्यावर चालली, तीच ती पुढे चालवते आहे. आवाज न चढवता, हातात जेवणाचे ताट घेऊन. त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली हिंदीत 'छोरी' केला. तो अधिक खर्चाचा आहे, पण तुळसाबाईची बोली तिथे नाही.

तो लावताना घरात कोण बसले आहे ते पाहून घ्यावे. आत्याबाई खुर्चीवर आणि सून खाली चटईवर, अशी बैठक बहुधा असतेच. चित्र चालू असताना दोघी एकमेकींकडे पाहणार नाहीत. मध्ये कोणी थांबवू म्हटले, तर थांबवू नये. चहा नंतर होईल. आणि हा रात्रीच पाहिला पाहिजे असाही आग्रह नको, त्यातले भय बरेचसे दिवसाउजेडीचेच आहे. भाऊबीजेला बहिणी माहेरी आल्या की जेवणे उरकल्यावर दुपारी लावला तरी चालेल.