त्रिकोणी डोंगर, दोन माड

मुलुंडला लेकाकडं मुक्कामाला असलो की संध्याकाळी बाजारातून एक चक्कर होते. भेटवस्तूंच्या दुकानात किल्लीच्या साखळ्या, चहाचे मग, फ्रिजला चिकटवायची चित्रं टांगलेली असतात. ‘आपलं गाव’ म्हणून त्यावर जे दिसतं ते ठरलेलं : दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि तिच्या दारात वाकलेले दोन माड. नातूही वहीत हेच काढतो आणि खाली लिहितो, ‘आजोबांचं गाव’.

आजोबांचं गाव जुन्नर तालुक्यात. आमचे डोंगर असे नसतात. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हारस थरावर थर साचला, त्याचा हा खडक. म्हणून कड्यांना पायऱ्या आणि बहुतेक माथे सपाट. माथ्यावर जागा होती म्हणून तर गड बसले, पाण्याची टाकी खोदता आली. शिवनेरी, चावंड, हडसर बघा. चित्रातला टोकदार त्रिकोण हिमालयाला शोभेल. मुलुंडकरांनीही जरा गच्चीवर जाऊन बघावं. राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर त्यांच्या पश्चिमेला आहेत. त्यांच्यामागं सूर्य मावळतो, उगवत नाही.

माडाशी माझं भांडण नाही. वसई-अलिबागकडं तो खराच आहे. पण आमच्याकडं बांधाला बाभूळ. नांगर तिचा, शेळ्यांना शेंगा तिच्या, डिंक तिचा, विहिरीवर झुकलेल्या फांदीला सुगरणीचे खोपे. एवढं करून मगवर तिला जागा नाही. काटे आहेत ना!

मुलुंड पूर्वेला गेलं तर मिठागरं, खाडी आणि तिवरांचं रान. 2020 साली राज्यानं पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. पण भिंतींवर, चौकात मिरवतात ते गुलाबी रोहित पक्षी. पक्षी देखणा आहे, वादच नाही. पण तो ज्या चिखलात चोच घालून जगतो तो चिखल आणि काठाची तिवरं चित्रातून गाळलेली. पाहुणा घेतला, यजमान बाहेर ठेवला.

चांगलं काम होतच नाही असं नाही. डहाणू-जव्हारकडच्या वारली बाया गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं झाडं काढतात. त्यात ताडावर चढणारा माणूस असतो, कारण तो रोज दिसतो. सावंतवाडीची लाकडी फळं घ्या. फणस, काजू, आंबा हे सगळं तिथल्याच परसातलं. आपल्या आयाबायांची हळदीकुंकवाची कोयरी तर थेट कैरीचा आकार. ह्या वस्तू करणाऱ्यांनी आधी झाड बघितलं होतं. बाजारातलं चित्र दुसऱ्या चित्रावरून काढलेलं असतं, तेही तिसऱ्यावरून. म्हणून ते कुठल्याच गावाचं नसतं आणि कुठल्याही गावाला चालतं.

कुणी म्हणेल, शोभेच्या वस्तूचं एवढं काय घेऊन बसलात? घेऊन बसतो, कारण त्यात आमचं नुकसान आहे. आमच्या शिवेवरचा रस्ता रुंद झाला तेव्हा ओळीनं बाभळी गेल्या. दोन दिवस यंत्र चाललं. वडाला हात लावला असता तर चार माणसं आडवी झाली असती. बाभळीसाठी कुणी थांबलंसुद्धा नाही. ‘काटेरीच तर होत्या,’ एवढंच बोलणं झालं. ज्याला गावाची खूण म्हणून कधी कुणी मिरवलं नाही, त्याची तोड कुणाला टोचत नाही.

मगवर बाभूळ छापली म्हणजे ती वाचेल इतका भाबडा मी नाही. पण शहरातलं पोर गावाला आलं आणि बांधावरच्या झाडाला त्यानं नावानं ओळखलं, तर पुढच्या वेळी यंत्र आल्यावर निदान विचारणारा एक जण तरी असेल.