रामलिंगला जाणारा भाविक की पर्यटक?

जंगल पर्यटनावर पीएचडी करायची म्हटलं की कृती कारंत आणि रूथ डीफ्रीझ यांचा 2011 चा शोधनिबंध वाचावाच लागतो. ‘कॉन्झर्व्हेशन लेटर्स’मध्ये आलेला. भारतातली 10 संरक्षित क्षेत्रं घेऊन पर्यटकांची संख्या, आसपासची हॉटेलं-रिसॉर्ट आणि स्थानिक रोजगार हे सगळं त्यांनी एकत्र मांडलं. पर्यटक वर्षाला सरासरी सुमारे 15 टक्क्यांनी वाढत होते आणि त्यात बहुतेक भारतीयच होते. इकोटुरिझमचे गोडवे सगळीकडे गायले जात असताना कुणीतरी मोजून दाखवलं, हे या कामाचं मोठेपण. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं, तो वाद समजून घ्यायलाही हे आकडे कामाला येतात.

पण हे आकडे उचलून थेट आपल्या प्रस्तावात टाकू नका. निबंध सांगतो की 72 टक्के निवासव्यवस्था 2000 नंतर बांधलेल्या. आता बघा, आज उभ्या असलेल्या रिसॉर्टांना वय विचारलं तर 1985 ला सुरू होऊन 1995 ला बंद पडलेलं लॉज यादीत येणारच कसं? वाढ खरी असेलही, पण ती आहे त्यापेक्षा जास्त दिसण्याचा धोका अशा मोजणीत असतोच.

रोजगाराचा आकडा तर मला पचायलाच जड जातो. 10 किमीच्या आतल्या लोकसंख्येच्या 0.001 टक्क्यापेक्षा कमी! म्हणजे लाखात एकसुद्धा नाही. एवढं लहान उत्तर आलं की पहिला प्रश्न विचारायचा: रोजगार म्हणजे काय धरलं? फक्त पगारी नोकरी? मग नारळ-फुलं विकणारी बाई, वडाप चालवणारा, चहाची टपरी हे सगळे कुठे गेले?

माझा खरा आक्षेप इथूनच सुरू होतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं येडशी रामलिंग घाट अभयारण्य घ्या. 1997 चं, जेमतेम 22 चौरस किमीचं. आत दरीत महादेवाचं देऊळ, जटायूची कथा, माकडं, पावसाळ्यात धबधबा. श्रावणात आमच्या बेंबळीकडूनही लोक गाड्या करून जातात. दर्शन घेतात, धबधब्याखाली भिजतात, डबा खातात, माकडांना (देऊ नये तरी) शेंगदाणे देतात. हा भाविक की निसर्ग पर्यटक? व्याख्येत ‘निसर्ग पाहण्याचा हेतू’ असं लिहिलं की तो बाहेर पडतो, पण त्याचं प्लास्टिक मात्र जंगलातच राहतं. आणि 10 किमीचं वर्तुळ काढलं तर बेंबळी त्यात बसतच नाही. धाराशिव ओलांडून पलीकडे आहे ते. तुमची पाहणी अशा जागेची असेल तर वर्तुळ नकाशावर काढून चालणार नाही. गाड्या कुठून येतात ते आधी विचारा.

डिसेंबर 2024 मध्ये याच अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत. तेव्हापासून येडशीचं नाव राज्यभर झालं. उद्या तिथे खरोखर जिप्सी फिरायला लागल्या, तर पर्यटनाची मोजणी त्या दिवशी शून्यावरून सुरू होईल आणि पुढच्या वर्षी वाढ डोळे दिपवणारी दिसेल. रामलिंगचा श्रावण त्या आलेखात कुठेच नसेल.