जुन्या पिस्तुलांचा जीर्णोद्धार व मोडतोड

जुनीं शस्त्रें जमविणाऱ्या मंडळींत एक वाद नेहमीं निघतो. चकमकीचें जुनें पिस्तूल हातीं येतें. घोडा तुटलेला, गज हरवलेला, दस्त्यास कीड लागलेली. त्यांत नवे भाग घालून तें पूर्ववत् करावें, कीं चांगले भाग सुटे काढून दुसऱ्या पिस्तुलांस लावावे अगर विकावे ? दोन्ही पक्ष आपणांस जुन्याचे रक्षक म्हणवितात. आमच्या मतें दोघांचीही चूक एकच आहे. पिस्तूल म्हणजे चालवावयाचें यंत्र, असें ते गृहीत धरतात. संशोधकाच्या दृष्टीनें तें अस्सल कागदाच्या जातीचें साधन होय.

रत्नागिरीचेंच उदाहरण घेऊं. १८१८ मध्यें हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, दापोलीस लष्कराची छावणी पडली आणि मुंबईच्या पलटणींत दक्षिण कोंकणांतील पुष्कळ लोकांनीं चाकरी केली. अशा प्रांतांत कंपनीच्या शिक्क्याचें पिस्तूल आढळल्यास तो शिक्का आधीं वाचला पाहिजे. कंपनीच्या शस्त्रांवर प्रथम हृदयाच्या आकृतीचें चिन्ह असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर मुकुट धरलेला सिंह येऊं लागला. एवढ्यावरून काळाची एक मर्यादा ठरते. परंतु हीं चिन्हें कळीच्या लोखंडी पत्र्यावर उथळ ठोकलेलीं असतात. खाऱ्या हवेनें चढलेला गंज काढण्यासाठीं तेजाब किंवा घांसणीचें चाक लावलें, तर गंजाबरोबर शिक्काही जातो. पिस्तूल चकचकीत होतें आणि मुकें होतें.

जीर्णोद्धारवाद्यांची दुसरी हौस याहून घातक आहे. १८०७ मध्यें फोर्सिथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें स्फोटक द्रव्यानें बार पेटविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें तांब्याची टोपी निघाली आणि चकमकीचीं अनेक शस्त्रें टोपीचीं करून घेण्यांत आलीं. आज कित्येक हौशी लोक अशा पिस्तुलास ‘मूळ रूप’ देण्यासाठीं जुना फेरफार काढून नवी चकमक बसवितात. पण तो फेरफार हाच त्या पिस्तुलाच्या चरित्राचा एक अध्याय असतो. पोथीच्या समासांत नंतरच्या धन्यानें लिहिलेली टीप खरवडून टाकणें, यास कोणी पाठशुद्धि म्हणणार नाहीं.

आतां मोडतोडीचा पक्ष. ‘एक मोडून दोन उभीं राहतील,’ हें त्यांचें मुख्य विधान. हाताच्या कारागिरीच्या काळीं हें खरें नव्हतें. कळ, नळी व दस्ता एकमेकांस कानस मारून जुळविलेले असत. स्क्रूसुद्धां आपापल्या भोंकापुरता घडविलेला असे. यंत्रानें सारखे भाग पाडण्याची रीत इंग्लंडांत एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत रुळली. म्हणून एका जुन्या पिस्तुलाची कळ दुसऱ्यास बसवावयाची तर कोठें तरी कानस चालवावीच लागते, आणि एक मोडून दुसरें बिघडतें. टिपूच्या कारखान्यांतील शस्त्रांवर कोरीव लेख, वर्ष व व्याघ्रपट्ट्यांची नक्षी आढळते. अशा शस्त्राची नळी एकाकडे व कळ दुसऱ्याकडे गेली, तर हीं चिन्हें परस्परांशीं ताडून पाहण्याचें साधनच नाहींसें होतें.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाहीं. १९५९ च्या शस्त्र-कायद्याचें ४५ वें कलम जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या अगर मोडक्या शस्त्रास सूट देतें. पण तें दुरुस्त करून किंवा न करतां बंदूक म्हणून चालण्याजोगें नसेल तरच. पिस्तूल चालतें करणारा मनुष्य ही सूट आपल्याच हातानें घालवितो. तसेंच १९७२ च्या कायद्यान्वयें ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांची वस्तु पुरावस्तु ठरते (हस्तलिखितास ७५ वर्षें पुरतात), आणि ती परदेशीं पाठविण्याचा अधिकार खाजगी इसमास नाहीं. सुटे भाग परदेशीं विकणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

यावर जीर्णोद्धारवाद्यांचा एक आक्षेप विचारार्ह आहे : कांहींच न केल्यास कोंकणच्या पावसाळ्यांत लोखंड उरणार नाहीं. हें खरें. परंतु गंज थांबविणें वेगळें व पिस्तूल नवें करणें वेगळें. सुटा गंज हलक्या हातानें झाडावा, मेणाचा पातळ लेप द्यावा, चामड्याच्या म्यानांतून काढून कोरड्या जागीं ठेवावें. त्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं आणि प्रत्येक चिन्हाची व कोठून मिळालें त्याची नोंद करावी. दस्ता व नळी नष्ट होऊन एकटी कळ उरली असेल, तर ती प्रदर्शनासाठीं दुसऱ्या पिस्तुलास जोडण्यास हरकत नाहीं. मात्र कानस लावूं नये, आणि जोड पुन्हां काढतां आला पाहिजे. भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली आहे. नव्या भागावर तशीच खूण व वर्ष कोरून ठेवावें, म्हणजे पुढील अभ्यासकास जुनें कोणतें व भर कोणती हें आपल्या साक्षीवांचून ओळखतां येईल.